कन्फेशन्स ऑफ अ थग

कन्फेशन्स ऑफ अ थग (अर्थ : एका ठगाचा कबुलीजबाब) ही फिलिप मेडोज टेलर यांनी लिहिलेली इंग्रजी कादंबरी होय. ती १८३९ साली लंडनमध्ये रिचर्ड बेंटली या प्रकाशकाने तीन खंडांत प्रसिद्ध केली. हिंदुस्थानातील गुन्हेगारी व न्यायव्यवहार यांवर आधारलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांमध्ये ती सर्वांत आधीच्या आणि सर्वांत प्रभावी कृतींपैकी एक मानली जाते. ‘ठग’ हा हिंदुस्थानी शब्द सामान्य इंग्रजी वाचकाच्या तोंडी रुळवण्यात या कादंबरीचा मोठा वाटा आहे.

टेलर हे हैदराबादच्या निजामाच्या सेवेतील अधिकारी होते. आजच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तुळजापूर परिसरात त्यांनी तरुणपणी पोलीस अधिकारी म्हणून काम केले. पुढे याच प्रदेशात नळदुर्ग येथे ते मुलकी कारभाराबरोबर न्यायदानाचेही अधिकार असलेले उपायुक्त होते. त्यामुळे गुन्ह्याचा तपास, आरोपीची जबानी आणि निकाल या तिन्ही गोष्टी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. कादंबरीचे बळ या अनुभवात आहे आणि तिच्याविषयीचा वादही तेथूनच सुरू होतो. सरकारी दप्तरातील जबानी कादंबरीत शिरली आणि पुढे वाचकांनी कादंबरीलाच पुरावा मानले, असा हा उलटा प्रवास आहे.

लेखक

टेलर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, ते मुंबईतील एका व्यापारी पेढीत उमेदवारीसाठी आले. पेढीची स्थिती सांगण्यात आली होती तशी नव्हती. मुंबई सरकारात वरिष्ठ पदावर असलेल्या एका नातेवाइकाच्या खटपटीने त्यांना त्याच वर्षी निजामाच्या फौजेत नेमणूक मिळाली आणि ते औरंगाबादेस रुजू झाले. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या थेट नोकरीत नव्हते. त्यामुळे बढतीच्या वाटा त्यांना मर्यादित राहिल्या. मात्र इतर गोऱ्या अधिकाऱ्यांपेक्षा लोकांमध्ये मिसळण्याची संधी अधिक मिळाली. हिंदुस्थानी, फारसी आणि मराठी या भाषा त्यांनी आत्मसात केल्या. हैदराबादच्या पामर घराण्यातील मेरी पामर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या घराण्याचे प्रमुख विल्यम पामर यांच्या मातोश्री हिंदुस्थानी मुसलमान होत्या.

१८४० ते १८५३ या काळात ते लंडनच्या ‘द टाइम्स’ या वृत्तपत्राचे हिंदुस्थानातील बातमीदार होते. याच काळात शोरापूर (सुरपूर, आता कर्नाटकातील यादगीर जिल्हा) या बेरड संस्थानाचा कारभार अल्पवयीन राजाच्या वतीने त्यांच्याकडे होता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे सोपवला, तेव्हा नळदुर्गचा जिल्हा टेलर यांच्या हाती आला. १८५७ च्या उठावाच्या वेळी त्यांना वऱ्हाडात बुलढाण्यास पाठवण्यात आले. प्रकृतिअस्वास्थ्यामुळे १८६० मध्ये ते मायदेशी परतले आणि डब्लिनजवळ स्थायिक झाले. १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधील मांतों येथे त्यांचे निधन झाले. ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे त्यांचे आत्मचरित्र त्यांची कन्या अॅलिस यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केले.

तुळजापूरचा अपुरा तपास

१८२० च्या दशकाच्या अखेरीस टेलर निजामाच्या मुलखातील नैर्ऋत्य जिल्ह्यांत साहाय्यक पोलीस अधीक्षक होते. तुळजापूर परिसरात फिरत असताना वाटसरू नाहीसे होतात, कधी त्यांची प्रेते सापडतात, पण फिर्याद करणारा कोणी नसतो, ही बाब त्यांच्या ध्यानात आली. मारले जाणारे लोक परगावचे असत. त्यांच्या घरची मंडळी शेकडो मैल दूर असत आणि माणूस परतला नाही याचा उलगडा व्हायला वर्ष लोटत असे. टेलर यांनी चौकशी सुरू केली, परंतु ती पुरी होण्यापूर्वीच त्यांना पलटणीत परत बोलावण्यात आले. हा शोध लावण्याचे श्रेय थोडक्यात हुकल्याची रुखरुख त्यांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे.

श्रेय गेले ते विल्यम स्लीमन यांच्याकडे. नर्मदेच्या खोऱ्यात, सागर-जबलपूर भागात, स्लीमन यांनी पकडलेल्या ठगांपैकी काहींना जीवदानाचे आश्वासन देऊन बोलते केले. १८३० च्या अखेरीस हाती लागलेला फिरंगिया हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय. अशा माफीच्या साक्षीदारांनी जुन्या साथीदारांची नावे सांगितली, पुरलेली प्रेते उकरून दाखवली आणि टोळ्यांच्या वंशावळी उभ्या करून दिल्या. त्यांतील काही साक्षीदार ओळख पटवण्यासाठी निजामाच्या राज्यातही पाठवण्यात आले. १८३२ च्या सुमारास टेलर यांचा त्यांच्याशी संबंध आला आणि त्यांच्या जबान्या नोंदवून घेण्याचे काम त्यांनी केले. त्यांपैकी एकाचे नाव अमीर अली. कादंबरीचा नायक तोच.

रचना आणि कथानक

संपूर्ण कादंबरी अमीर अलीच्या तोंडून येते. समोर एक ‘साहेब’ बसलेला आहे. तो ऐकतो, क्वचित प्रश्न विचारतो, कधी शहारतो, पण कथेत ढवळाढवळ करीत नाही. जबानी देणारा कैदी आणि टिपून घेणारा अधिकारी ही कचेरीतील मांडणीच कादंबरीची चौकट झाली आहे.

अमीर अली लहान असताना त्याचे आईवडील प्रवासात ठगांकडून मारले जातात. टोळीचा म्होरक्या इस्माईल त्या पोराला वाचवतो आणि मुलगा म्हणून वाढवतो. वयात आल्यावर अमीर अलीला दीक्षा मिळते. रुमालाने गळा आवळणारा भुट्टोट, वाटसरूंशी गोड बोलून त्यांना जाळ्यात ओढणारा सोथा, खड्डे खणणारा लुघाई, इशाऱ्याची झिरणी आणि कामगिरीनंतर गुळाच्या प्रसादाची तपोनी, असा ठगांचा सगळा व्यवहार त्यांच्या ‘रामसी’ या गुप्त बोलीसह येतो. स्लीमन यांनी या बोलीचा कोश ‘रामसीआना’ या नावाने १८३६ मध्ये छापला होता. पुढे अमीर अली स्वतः म्होरक्या होतो, काही काळ पेंढारी चितूच्या फौजेत सामील होतो, फितुरीने पकडला जातो आणि बारा वर्षे तुरुंगात काढतो. सुटल्यावर तो पुन्हा त्याच वाटेला लागतो. आपल्या हातून मारल्या गेलेल्या स्त्रियांमध्ये आपली सख्खी बहीण होती, हे त्याला फार उशिरा कळते. अखेरीस तो कंपनी सरकारच्या हाती सापडतो आणि माफीचा साक्षीदार होऊन जुन्या साथीदारांना फासावर पोचवतो. त्यांत त्याच्या आईचा मारेकरी गणेशा हाही असतो.

अमीर अलीने ७१९ हत्यांत आपला हात असल्याचे सांगितले, असे टेलर लिहितात. तुरुंगात बारा वर्षे वाया गेली नसती तर हा आकडा हजारावर गेला असता, अशी त्याची बढाईही ते नोंदवतात. या वाक्यातील खंत खुनांची नसून राहून गेलेल्या खुनांची आहे. कादंबरीची खरी भेदकता अशा जागी दिसते. अमीर अली पश्चात्ताप करीत नाही. तो आपल्या कामाचे कसब, सोबत्यांची बेईमानी आणि देवीचे शकुन यांविषयी बोलतो. पोटच्या मुलांवर माया करणारा आणि सौदागराशी अदबीने वागणारा हा माणूस वाचकाला आवडू लागतो, आणि तेवढ्यात झिरणी होते. मराठीत ‘ठकास महाठक’ ही म्हण फसवणुकीपुरती वापरली जाते. या कादंबरीतील ठगाला त्या म्हणीतील विनोद लागू पडत नाही.

माफीच्या साक्षीदाराची भाषा

प्रस्तावनेत टेलर यांनी ही कथा जवळपास सगळी खरी असल्याचे म्हटले असून, प्रसंग एकमेकांना जोडण्यापुरतीच कल्पनेची भर घातल्याचे सांगितले आहे. हा दावा तपासताना माफीच्या साक्षीदाराची कायदेशीर स्थिती ध्यानात घ्यावी लागते.

ठगांच्या खटल्यांतील माफीचा साक्षीदार मोकळा सुटत नसे. त्याची फाशी टळे, पण जन्मभर कैद राही. १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात जबलपूर येथे अशा कैद्यांसाठी उद्योगशाळा काढण्यात आली आणि तेथे तंबू व गालिचे विणले जाऊ लागले. मिळालेली सवलत टिकवायची तर साक्षीदाराने सगळे सांगितले पाहिजे, काही लपवता कामा नये, ही अट होती. म्हणजे कमी सांगण्यात धोका होता. अधिक सांगण्यात नव्हता. ज्यांच्यावर तो आरोप करी त्यांच्या बाजूने उलटतपासणी घेणारा वकील बहुधा नसे. अशा परिस्थितीत दिलेल्या जबानीत सत्य किती, अधिकाऱ्याला ऐकायला आवडेल असे किती आणि जुने हिशेब चुकते करण्याचा भाग किती, हे वेगळे काढणे आजच्या न्यायाधीशालाही सोपे जाणार नाही.

कादंबरीकार टेलर यांना ही अडचण दिसलेली आहे. अमीर अलीची बढाई, गणेशाविषयीचा त्याचा द्वेष आणि स्वतःच्या क्रौर्याला दैवाचे नाव देण्याची खोड हे सारे ते झाकत नाहीत. मात्र ‘साहेबा’ला या कथनाविषयी मूलभूत शंका कधीच पडत नाही. कादंबरीत दुसरा साक्षीदार नाही.

त्या काळचा कायदाही याच दिशेने गेला होता. १८३६ च्या ३० व्या अधिनियमानुसार, एखादा माणूस ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप देता येत होती. अमुक खून त्याने केला हे दाखवण्याची गरज नव्हती. टोळीतील सहभाग अधिनियमाच्या आधीचा असला किंवा कंपनीच्या हद्दीबाहेरचा असला, तरी चालत असे. १८३७ च्या १९ व्या अधिनियमाने, पूर्वी शिक्षा झालेला माणूसही साक्ष देण्यास पात्र ठरवला. एरवी साक्षीदारच मिळू नयेत अशा गुन्ह्यांत सरकारला यावाचून मार्ग नव्हता, हे खरे. पण यामुळे गुन्ह्याऐवजी माणसाची जमात आणि संगत यांवर खटला उभा राहू लागला, हेही तितकेच खरे.

भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ३१० मध्ये ‘ठग’ची व्याख्या आली. खून करून लूटमार किंवा मुले पळवणे यासाठी नेहमी इतरांशी संगनमत करणारा तो ठग, असा तिचा आशय होता. मात्र ही व्याख्या संहिता संमत झाल्यानंतरच्या कृत्यांपुरती मर्यादित होती. कलम ३११ मध्ये जन्मठेपेची तरतूद होती. ही दोन्ही कलमे दीडशे वर्षांहून अधिक काळ पुस्तकात राहिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती नाहीत.

माफीचा साक्षीदार मात्र टिकून आहे. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मध्ये त्याच्याविषयी दोन परस्परांकडे संशयाने पाहणाऱ्या तरतुदी होत्या. कलम १३३ नुसार, साथीदाराच्या केवळ एकट्याच्या साक्षीवर झालेली शिक्षा तेवढ्याच कारणाने बेकायदा ठरत नव्हती. कलम ११४ मधील एका उदाहरणानुसार, महत्त्वाच्या तपशिलांना दुजोरा मिळाल्याशिवाय असा साक्षीदार विश्वासपात्र नाही, असे न्यायालय गृहीत धरू शकत होते. न्यायालयांनी व्यवहारात दुजोऱ्याचा आग्रह धरला. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३८ मध्ये दुजोरा मिळालेल्या साक्षीचाच उल्लेख आहे. अमीर अलीच्या पिढीतील जबान्यांना हा निकष लावला असता तर त्यांतील किती टिकल्या असत्या, हा प्रश्न कायद्याच्या इतिहासकारांना आजही पडतो.

प्रसिद्धी आणि प्रभाव

टेलर दीर्घ रजेवर इंग्लंडात असताना ही कादंबरी बाहेर पडली आणि लगेच गाजली. छपाई चालू असतानाच राणी व्हिक्टोरिया यांनी तिची पाने मागवून वाचल्याचे टेलर यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. या यशामुळे त्यांनी ‘टिपू सुलतान’ ही दुसरी कादंबरी लगोलग लिहिली (१८४०). फ्रेंच कादंबरीकार युजीन स्यू यांच्या १८४४-४५ मधील ‘ल ज्वीफ एरां’ या कादंबरीत फिरंगिया नावाचा ठगच एक पात्र म्हणून येतो, यावरून हा विषय युरोपात किती झपाट्याने पसरला हे दिसते. विसाव्या शतकात जॉन मास्टर्स यांनी ‘द डिसीव्हर्स’ (१९५२) या कादंबरीत हाच विषय घेतला. तिच्यावर १९८८ मध्ये चित्रपट निघाला.

इतिहासलेखनात मात्र ठगांविषयीचे जुने चित्र आता जसेच्या तसे स्वीकारले जात नाही. वाटमारी आणि गळा आवळून खून होत होते, याविषयी फारसा वाद नाही. हिंदुस्थानभर पसरलेला, वंशपरंपरेने चालणारा, भवानीच्या आज्ञेने खून करणारा एकच गुप्त पंथ होता काय, याविषयी आहे. किम वॅग्नर यांनी ‘ठगी’ (२००७) या ग्रंथात मूळ जबान्या पुन्हा तपासल्या. दुष्काळ, मोडलेल्या फौजा, जमीनदारांचा आश्रय आणि हंगामी बेकारी यांच्याशी या गुन्ह्यांचा संबंध त्यांनी दाखवला. ताबिश खैर यांच्या ‘द थिंग अबाउट थग्ज’ (२०१०) या कादंबरीतील अमीर अली तर साहेबाला हवी असलेली ठगाची कहाणी रचून सांगतो. टेलर यांच्या ‘साहेबा’ला न पडलेली शंका तेथे कथेचाच विषय झाली आहे.

‘वंशपरंपरेने गुन्हेगार’ ही कल्पना ठगांबरोबर संपली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने ती संपूर्ण समाजांना लावली. आजच्या महाराष्ट्रात पारधी, कैकाडी इत्यादी समाजांना हजेरीची सक्ती आणि सोलापूरसारख्या ठिकाणची तारेच्या कुंपणातील वसाहत भोगावी लागली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे समाज कायद्याने विमुक्त झाले. या समाजांतील माणसाने स्वतःचे जगणे प्रथमपुरुषात सांगण्याला मराठीत नंतर वाट मिळाली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या दोन्ही आत्मकथनांना साहित्य अकादमी पुरस्कार लाभले. गायकवाड लातूर जिल्ह्यातील आहेत, आणि १९८२ पर्यंत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. टेलर ज्या मुलखात घोड्यावरून तपास करीत फिरले त्याला लागूनच हा प्रदेश आहे. ‘उचल्या’मध्येही पोलीस आहेत, चोरी आहे आणि मारहाण करून घेतलेले कबुलीजबाब आहेत, फक्त लिहून घेणारा साहेब नाही.

टेलर यांच्या नंतरच्या कादंबऱ्या

निवृत्तीनंतर टेलर यांनी शंभर शंभर वर्षांच्या अंतराने तीन कादंबऱ्या योजल्या : १६५७ च्या काळावरील ‘तारा’ (१८६३), १७५७ वरील ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) आणि १८५७ वरील ‘सीता’ (१८७२). चांदबिबीवरील ‘अ नोबल क्वीन’ (१८७८) त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली.

मराठी वाचकाला ‘तारा’ विशेष जवळची वाटावी. तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची विधवा कन्या असून, शिवाजी महाराज व अफझलखान यांच्या संघर्षाच्या पार्श्वभूमीवर कथा घडते. ‘कन्फेशन्स’मध्ये भवानी ही गळे आवळणाऱ्यांची देवता म्हणून येते. ‘तारा’मध्ये तीच तुळजापूरची कुलस्वामिनी आहे, तिचे मंदिर, पुजारी आणि यात्रा टेलर यांनी ओळखीच्या माणसाने लिहावे तसे वर्णन केले आहे. मधल्या काळात ते तुळजापुराशेजारी नळदुर्गात राहून कारभार करीत होते. जबानीतून कळलेली देवी आणि शेजारात पाहिलेली देवी यांतील हा फरक त्यांच्या एकाच पुस्तकावरून त्यांना जोखणाऱ्या टीकाकारांच्या नजरेतून बहुधा सुटतो.

गुन्हा व न्यायालय या दृष्टीने मात्र ‘सीता’ महत्त्वाची आहे. न्यायदानाचा प्रत्यक्ष अनुभव घेऊन निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याने लिहिलेली ही कादंबरी आहे. तिची सुरुवात दरोड्याने होते. त्यात सीतेचा पती मारला जातो आणि ती इंग्रज अधिकाऱ्यापुढे साक्ष देते. येथे बोलणारी व्यक्ती गुन्हेगार नसून गुन्ह्याची झळ सोसलेली स्त्री आहे. ती घाबरत नाही, आरोपीला ओळखते आणि ठामपणे बोलते. पुढे सिरिल ब्रँडन हा अधिकारी तिच्याशी हिंदू पद्धतीने विवाह करतो. हा विवाह इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने वैध ठरेल काय, हा पेच कादंबरीत बराच काळ रेंगाळतो. पामर घराण्याच्या जावयाला हा प्रश्न केवळ कल्पनेतला नव्हता. शेवट मात्र सोयीस्कर आहे : दरोडेखोर अझ्राएल पांडेने सिरिलवर केलेला वार अंगावर घेऊन सीता मरते आणि कायद्याला उत्तर द्यावे लागत नाही.

न्यायदानाच्या कामातून कथालेखनाकडे वळलेले लेखक पुढे इतरत्रही झाले. इंग्लंडमध्ये १९४९ ते १९६७ या काळात काउंटी न्यायाधीश असलेले हेन्री सेसिल यांनी वकिली जगावर विनोदी कादंबऱ्या लिहिल्या. अमेरिकेत मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन व्होल्कर यांनी रॉबर्ट ट्रॅव्हर या टोपणनावाने ‘अॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ (१९५८) लिहिली. ती ज्या खुनाच्या खटल्यावर बेतली आहे त्यात ते स्वतः आरोपीचे वकील होते. तिचा बराचसा भाग साक्षी आणि उलटतपासण्यांनी व्यापलेला आहे. टेलर यांच्या कादंबरीत उलटतपासणी नाही, कारण त्यांनी ज्या कचेऱ्यांत जबान्या लिहून घेतल्या तेथेही ती क्वचितच होत असे.